बाराव्या बरगडीच्या खाली

ठकूबाई,

तुम्ही गेल्यानंतर आज वर्ग पहिल्यांदा भरला. खरं सांगायचं तर मी तो बंद करायला गेले होते. पर्समध्ये घडी घातलेला कागद होता: ‘अपरिहार्य कारणामुळे मालीश प्रशिक्षणाचा वर्ग आजपासून बंद करण्यात येत आहे.’ खाली सही, सहीखाली तारीख. दाराला चिकटवायला टेप आणि टेप कापायला कात्रीसुद्धा घेतली होती. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, “बाईंचं समदं कसं बैजवार असतं.”

सतरा दिवस झाले. परीक्षेला पाच आठवडे आहेत आणि मुली सहा. शरीरशास्त्राचा लेखी भाग माझा आणि हातांचा भाग तुमचा, अशी आपली वाटणी होती. प्रात्यक्षिक घ्यायला दौंडहून बाहेरच्या बाई येणार आहेत. त्यांच्यासमोर मुलींनी जिवंत माणसाच्या अंगावर हात चालवून दाखवायचा आहे. तो हात शिकवणारं माणूसच नाही म्हटल्यावर मागे काय उरतं? मी, भिंतीवरचा तक्ता आणि तक्त्यावर दाखवायची लाकडी पट्टी. मुलींना नापास करण्यापेक्षा वर्ग बंद केलेला बरा, असा मी हिशेबी विचार केला होता.

हे तुम्हाला लिहिते आहे, पण वाचणार आहेत माझी नातवंडं, रेवा आणि निहार, तिकडे ऑस्ट्रेलियात बसून. तुम्हाला अक्षरओळख नव्हती आणि त्या दोघांना मराठी अक्षर अक्षर लावून वाचावं लागतं. तेव्हा दोन्हीकडून सोपं लिहिणं भाग आहे. ठकूबाई कोण, असं ते विचारणार नाहीत. त्यांच्यासाठी तुम्ही आमच्या व्हिडिओ कॉलमध्ये मध्येच डोकावणाऱ्या दुसऱ्या आजी. तोंड बघायच्या आधी “पाठ फिरव, पाठ बघू” म्हणणाऱ्या. मागच्या दिवाळीत रेवाला बघून तुम्ही कपाळाला हात लावलात. “उंच झाली गं बाय, पर मान बघ कशी पुढं काढलीय! मेंढरू पाण्याला वाकल्यागत.” मेंढरू म्हणजे काय ते मी तिला सांगितलं, तेव्हा ती पोट धरून हसली आणि ताठ बसली. अजूनही फोन लागला की ती आधी खांदे मागे घेते.

मुलांनो, तुम्हाला आठवत नाही ते सांगते. तुम्ही दोघंही इथे शिरूरला जन्मलात आणि तुमच्या पहिल्या अंघोळी या बाईंनी घातल्या. निमोण्याहून सकाळच्या जीपने यायच्या, न्हाणीघरात पाय लांब करून बसायच्या आणि नडग्यांवर तुम्हाला उताणं घ्यायच्या. वाटीत कोमट केलेलं करडईचं तेल. मी शेजारी टॉवेल आणि थर्मामीटर घेऊन उभी. पाणी घालण्याआधी मी थर्मामीटर बुडवायचे, आणि ठकूबाई, तुम्ही कोपर.

“काय म्हंतोय तुमचा काचंचा?”

“सदतीस.”

“माझं कोपार बी सदतीसच म्हंतंय,” म्हणून तुम्ही पाणी ओतायला घेतलंत. मी तिसऱ्या दिवसापासून थर्मामीटर आणला नाही. पण तुमचं कोपर बरोबर होतं, असं काही मी म्हटलं नाही. ही आपल्या सगळ्या गोष्टींची सुरुवात म्हणायला हरकत नाही.

पुढे मी शाळेतून निवृत्त झाले. महिला मंडळाच्या बायकांनी मुलींसाठी मालीशचा वर्ग काढायचं ठरवलं, कारण गावातल्या बाळंतपणाच्या दवाखान्यांना आणि व्यायामोपचाराच्या केंद्रांना शिकलेले हात हवे होते. जीवशास्त्र मीच शिकवायचे, तेव्हा शरीराची रचना माझ्याकडे आली. हातांसाठी मी तुमचं नाव सुचवलं. तुम्ही पदर दाताखाली धरून म्हणालात, “मी शाळंची पायरी चढली न्हाई आन् मला मास्तरीण करता व्हय?”

पहिल्याच दिवशी मी सांगाड्याचा तक्ता लावला. इंग्रजी नावांवर मी मराठी चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या, सगळ्या एका मापाच्या. गळ्याखालच्या दोन आडव्या हाडांवर पट्टी ठेवून म्हटलं, “ही हासळी. हात धडाला हाडाने जोडलेला आहे तो फक्त इथे. मागचा फरा, म्हणजे खांद्याचं पसरट हाड, नुसता स्नायूंवर तरंगतो.” तुम्ही मुलींबरोबर सतरंजीवर बसला होतात. उठून तक्त्याजवळ आलात. स्वतःच्या गळ्याखाली बोटं फिरवलीत, मग शेजारच्या पोरीच्या.

“हे हाड मेंढीला न्हाई,” तुम्ही म्हणालात.

मला माहीत नव्हतं. इतकी वर्षं मुलांना सांगाडा शिकवला, पण मेंढीच्या गळ्याखाली काय असतं हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. तुमचं माहेर दौंडकडचं. वडिलांची मेंढरं नदीकाठाने चरत जायची आणि पाय मुरगळलेलं कोकरू मांडीवर घेऊन त्याचा सांधा बसवायला तुम्ही लहानपणीच शिकलात. शरीर म्हणजे काय हे तुम्हाला आधी मेंढीने शिकवलं आणि मग बायकांनी, बाळांनी. मी घरी जाऊन पुस्तकं काढली. तुमचं खरं होतं. दुसऱ्या दिवशी मी वर्गात ते सांगितलं आणि वर असंही सांगितलं, की या हाडामुळे माणसाला हात बाजूला फाकवता येतात, मेंढीला येत नाहीत.

तुम्ही दोन्ही हात पसरून बघितलेत. मग म्हणालात, “म्हंजी कुणाला कवंत घ्यायचं तर हे हाड लागतं.”

पोरींनी ते वहीत लिहून घेतलं. मी लिहा म्हटलं नव्हतं. त्या सत्राच्या परीक्षेत ‘हासळीचे कार्य सांगा’ या प्रश्नाला चार जणींनी तुमचंच उत्तर लिहिलं आणि मी पूर्ण गुण दिले. हे तुम्हाला सांगायचं राहून गेलं.

भांडणंही पुष्कळ झाली. मी म्हणायचे, पाय चोळायचा तो नेहमी खालून वर, हृदयाकडे, कारण पोटरीचा स्नायू रक्त वर ढकलतो. त्याला मदत करायची. तुम्ही म्हणायचात, “पाय हलका करायचा तर वर. पर पोर रडतंय, झोपवायचं हाय, तर हळूहळू खालीच आणावं लागतं.” मी म्हणायचे, पुस्तकात तसं नाही. तुम्ही म्हणायचात, “पुस्तकातलं पोर रडत नसंल.” मुली खुदखुदायच्या. परवा मी एका नव्या पुस्तकात पाहिलं. हलक्या हाताने, सावकाश, कुठल्याही दिशेने हात फिरवला तर मज्जासंस्था शांत होते, असं लिहिलं आहे. पान दुमडून ठेवलं आहे. तुम्हाला वाचून दाखवायचं होतं.

पण बरगड्यांचं भांडण वेगळं होतं. ते आज लिहायलाच हवं.

दुसऱ्या वर्षीची गोष्ट. मी तक्त्यावर बरगड्या मोजून दाखवत होते. एका बाजूला बारा, दुसऱ्या बाजूला बारा. सात जोड्या पुढे छातीच्या मधल्या हाडाला मिळतात, तीन जोड्या आपल्या वरच्या बरगडीला टेकतात, आणि शेवटच्या दोन जोड्या पुढे कुठेच न जुळता स्नायूंतच संपतात. तुम्ही मागून म्हणालात, “तेरा.”

“बारा, ठकूबाई.”

“तेरा असत्यात. हातानं मोजल्यात मी.”

“मेंढीच्या मोजल्या असतील.”

“मेंढीच्या मोजल्यात, म्हणून तर सांगते.”

मी मेंढीचं पुस्तक पुन्हा काढलं. मेंढीला तेरा असतात. तुम्ही आयुष्यभर माणसांच्या पाठी चोळल्या होत्या, पण मोजलेली पाठ मेंढीची होती आणि माणसाची पाठ मोजायची कधी गरजच पडली नव्हती. मी हे तुम्हाला समजावून सांगितलं. तुम्ही वाद घातला नाहीत. “बघते,” एवढंच म्हणालात.

आठवड्यानंतर एके दिवशी वर्ग सुरू व्हायच्या आधीच, उभ्या उभ्याच बोलायला लागलात. “बाई, तुमचं खरं हाय. बाराच. घरातली आन् मेंढरांच्या वाड्यावरची मिळून सात माणसं मोजली. खालनं वर मोजत गेले, दोनदा. मीच चुकले.” सगळ्या मुलींसमोर. मग बोट वर करून म्हणालात, “सहा जणांना बारा. पर आमच्या थोरल्या जावंला डाव्या अंगाला तेरा हायत्या. उजव्या अंगाला बारा. बारावीच्या खाली आणिक एक बारकी लागती, करंगळीएवढी.”

आणि मी काय म्हटलं? मी म्हटलं, “जाऊबाई मेंढरांत राहून राहून अर्ध्या मेंढी झाल्या असतील.”

वर्ग हसला. तुम्हीही हसलात, तोंडाला पदर लावून. त्यानंतरचे दोन वर्ग तुम्ही आला नाहीत. निरोप आला की उसात खुरपणी आहे. मी तो खरा मानला, कारण तसं मानणं सोयीचं होतं.

आता जे लिहिते ते मी कुणालाच सांगितलेलं नाही. मला माहीत होतं, ठकूबाई. कॉलेजात असताना, पुण्याला, इंग्रजी पुस्तकाच्या पानाच्या तळाशी बारीक टाइपात वाचलं होतं: एखाद्या माणसाला एखादी बरगडी जास्त असू शकते, कधी मानेशी, कधी कमरेशी, कधी एकाच बाजूला. ती ओळ माझ्या डोळ्यांसमोर होती त्या क्षणी. तुम्ही सात माणसं दोनदा मोजलीत, आपली चूक चारचौघांत कबूल केलीत आणि वर एक असं निरीक्षण आणलंत, जे माझ्या हाताला आयुष्यात सापडलं नसतं. विज्ञान शिकवणाऱ्या बाईने टाळ्या वाजवायला हव्या होत्या. मी विनोद केला. कारण बारा हे उत्तर माझं होतं, आणि त्याला अपवाद तुमच्या हातून यावा हे मला सोसलं नाही.

तिसऱ्या वर्गाला तुम्ही आलात. तेलाची बाटली नेहमीच्या जागी ठेवलीत, बाह्या सारल्यात आणि “चला गं, आज खुबा” म्हणून सुरुवात केलीत. बरगड्यांचा विषय पुन्हा काढला नाहीत. मीही नाही. चार वर्षं.

मधल्या काळात तुम्ही माझा पाय वाचवलात, कदाचित जीवही. रेवा-निहारकडून मी परत आले त्या आठवड्यात डावी पोटरी ठणकत होती. इतके तास विमानात बसून आखडली असेल म्हणून तुम्हाला बोलावून घेतलं. तुम्ही वाटी घेऊन बसलात, मी साडी वर घेतली. तुम्ही हाताची पालथी बाजू आधी उजव्या पोटरीला लावलीत, मग डाव्या. मग पुन्हा उजव्या. आणि बाटलीला बूच लावून टाकलंत.

“ह्या पायाला मी तेल लावायची न्हाई.”

“अहो, नुसता आखडलाय.”

“एकच पाय सुजलाय, त्योच गरम हाय. असला पाय चोळायचा न्हाई, डॉक्टरकडं धाडायचा. तुम्हीच शिकिवलंय. पोरींकडनं धा-धा येळा म्हणून घेतलंय.”

“ते बरोबर आहे, पण माझं तसं नाही.”

“का? तुमच्या पायात रगात न्हाई?”

खोलवरच्या रक्तवाहिनीत गुठळी होती. तो पाय रगडला असता तर गुठळी सुटून फुप्फुसात गेली असती कदाचित, असं डॉक्टर म्हणाले. जे मी तक्त्यावर लाल शाईने लिहिलं होतं ते मला स्वतःच्या पायात ओळखता आलं नाही, आणि तुम्हाला ते हाताच्या पालथ्या बाजूने कळलं. इंग्रजीत मी दिवसातून वीस वेळा थँक यू म्हणते, दुकानदाराला, रिक्षावाल्याला. तुम्ही मला बघायला दवाखान्यात आलात तेव्हा मी म्हटलं, “चहा घेणार ना?”

शेवटची भेट एसटी स्टँडच्या बाहेर झाली. वर्ग सुटला होता, निमोण्याची जीप भरायची होती, आपण रसवंतीच्या बाकावर बसलो होतो. तुम्ही एकदम म्हणालात, “बाई, आमची थोरली जाऊ गेली. पंधरा दिस झालं.”

मी म्हटलं, वाईट झालं.

“वय झालं हुतं.” मग रसाचा पेला खाली ठेवून, “पर ती तेरावी तुम्हाला दावायची ऱ्हाऊनच गेली.”

चार वर्षांनी तुम्ही ते नाव काढलंत. माझ्या तोंडाशी आलं होतं सगळं: की मला माहीत होतं, की माझी चूक झाली. जीपवाला ओरडत होता, “निमोणे, निमोणे, निमोणे!” तुम्ही उठलात, पिशवी उचललीत आणि हसून म्हणालात, “आता माझ्याच मोजा एकदा. समद्या गावाच्या मोजल्या, माझ्या कुणी मोजल्या न्हाईत. आपल्या पाठीला आपला हात पुरत न्हाई.”

“पुढच्या वेळी,” मी म्हणाले. “आत्ता माझे हात गार आहेत.”

चैत्रातल्या दुपारी गार हात! तुम्ही माझ्याकडे नीट बघितलंत. जीपमध्ये चढताना मागे वळून म्हणालात, “मग तवर जरा चोळून ऊन करून ठिवा.”

ठकूबाई, त्या दिवशी मला कळलं आणि तेव्हापासून ते मनातून जात नाही. माझ्या मुलीचं बाळंतपण, माझी नातवंडं, माझे पाय, माझा खांदा, या सगळ्यांवरून तुमचे हात फिरले. मी तुम्हाला कधीही हात लावला नव्हता. एकदाही नाही. तुमचा हात हातात घेतला नाही, पाठीवर थाप दिली नाही. असं काही ठरवून केलेलं नव्हतं. मी फक्त पट्टीने दाखवणारी बाई होते.

तुम्ही गेल्याचं कळल्यावर निमोण्याला आले. अंगणात माझ्यासाठी खुर्ची टाकली होती. तुमच्या सुनेने, संगीताने, पाणी दिलं. मी बोलायचं ते बोलले आणि हात मांडीवर ठेवून बसून राहिले. संगीता आपल्याच वर्गात शिकते. आता ती काही येणार नाही, असं मी उठता उठता ठरवूनही टाकलं. घरी येऊन तो कागद लिहिला.

आज पाहते तर ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. तुमची चौकड्यांची चादर टेबलावर अंथरलेली. तुमची तेलाची बाटली. मी कागद आणि टेप काढायला पर्स उघडली.

“संगीता, तू कशी आलीस? घरी इतकं सगळं…”

“सुतक फिटलं, बाई. परीक्षा कुठं फिटलीय?”

मागून तळेगाव ढमढेऱ्याची पूजा म्हणाली, “आज पाठ घ्यायची राहिलीय. तुम्ही हात दाखवा, बाई.”

पूजा आपल्या वर्गातली सगळ्यात तोंडाळ मुलगी, तुम्हाला माहीतच आहे. मी म्हटलं, “मला येत नाही.”

आणि पुढे सांगून टाकलं, “मी आजवर कुणालाही मालीश केलेलं नाही. मला नावं येतात, हात येत नाही. म्हणून मी आज वर्ग बंद करणार आहे.”

“म्हंजी,” पूजा म्हणाली, “पाठीतला एकूण एक स्नायू तोंडपाठ आणि कुणाची पाठ चोळली नाही?”

“नाही.”

“काकांचीसुद्धा नाही?”

“पूजे!” संगीताने दटावलं, पण तोवर सगळ्या हसत सुटल्या होत्या आणि, खरं सांगते, मीही. हसता हसता कागद हातातच होता. संगीताने तो माझ्या हातातून काढून घेतला, वाचला, पुन्हा घडी घातली आणि तेलाच्या बाटलीखाली ठेवला. म्हणाली, “चादरीला डाग पडत्यात बाटलीचं. आत्या वरडायच्या.”

मग पूजा टेबलावर पालथी झोपली. मी हात धुतले. चोळून चोळून ऊन केले, ठकूबाई, खूप वेळ. संगीता माझ्या शेजारी उभी राहिली आणि माझी मनगटं धरून तिने माझे दोन्ही तळवे पूजाच्या पाठीवर ठेवले, मणक्याच्या दोन्ही बाजूंना. “दाबू नका. आदी नुसतं ठिवा. आत्या म्हणायच्या, पयलं माणसाला कळू द्यावं की हात आलाय.”

मी ठेवले. आणि त्या पोरीने श्वास घेतला.

इतकी वर्षं मी शिकवत आले, की श्वास घेताना बरगड्या वर आणि बाहेर जातात. फळ्यावर बाण काढले, प्रश्नपत्रिकेत विचारलं, चुकलेल्यांचे गुण कापले. आज त्या बरगड्या माझ्या तळव्यांखाली उघडल्या आणि मिटल्या. तक्ता श्वास घेत नाही, हे मला इतक्या उशिरा कळलं. हात तसेच ठेवून मी बोलायला लागले. फऱ्याचं खालचं टोक बोटाला लागलं तेव्हा सांगितलं, इथे साधारण सातवी बरगडी असते, मोजताना हिचा आधार घ्या. कमरेच्या वर, शेवटच्या बरगडीजवळ आले तेव्हा सांगितलं, इथे आत मूत्रपिंडं आहेत, इथे थापट्या मारायच्या नाहीत. तेच शब्द होते, पण पट्टीच्या टोकाशी असताना ते असे नव्हते. संगीता मध्येच माझं कोपर वर उचलायची. “अंगठ्यानं न्हाई, बाई. अंगावरचा भार द्या. न्हाईतर तुमचाच अंगठा जाईल.” पूजा चादरीत तोंड खुपसून म्हणाली, “मस्त वाटतंय. पण बाई, लेक्चर जरा कमी.”

पाठ झाल्यावर मी मुलींना खाली बसवलं आणि सांगितलं. सगळं. त्या दिवशी मी काय म्हटलं, का म्हटलं, आणि म्हणताना मला काय ठाऊक होतं. मग फळ्यावर लिहिलं: बहुतेक माणसांना बरगड्यांच्या बारा जोड्या असतात. एखाद्याला एखादी जास्त असू शकते. खाली लिहिलं: हे आपल्या वर्गात ठकूबाईंनी हाताने शोधलं. दौंडच्या बाईंनी विचारलं तर हेच उत्तर द्यायचं, असं मी मुलींना बजावलं.

संगीता फळ्याकडे बघत होती. तिला अक्षरं लावत वाचायची गरज नाही, बारावी झाली आहे, तरी ती खूप वेळ वाचत होती. मग म्हणाली, “बाई, आता तुम्ही झोपा. मोजायचा सराव हुईल.”

मी कधी त्या टेबलावर झोपले नव्हते. चष्मा काढून ठेवला, तुमच्या चादरीवर पालथी झाले. तिला तेलाचा वास आहे, धुऊनही न जाणारा. संगीताचे हात ऊन होते. तुमच्यासारखीच ती खालून वर मोजत गेली, मग वरून खाली आली, आधी उजवी बाजू. मुली तिच्याबरोबर मोठ्याने मोजत होत्या.

“दहा… अकरा… बारा.”

“बाई पुस्तकातल्याच निघाल्या,” पूजा म्हणाली.

ती डाव्या बाजूला आली. पुन्हा वरून खाली. दहा, अकरा, बारा. मुली थांबल्या. संगीताची बोटं थांबली नाहीत. बाराव्या बरगडीच्या खाली, जिथे मऊ लागतं तिथे, ती सावकाश, हलक्या हाताने आडवी फिरत राहिली.

“झाल्या की बारा,” मी चादरीतून म्हटलं.

“व्हय,” संगीता म्हणाली. “पर आत्यांनी मला शिकिवताना सांगितलंय. बारा झाल्या म्हणून बोट उचलायचं न्हाई. खाली बघायचं. असंल तर असंल.”

चार वर्षं तुम्ही माझ्याशी वाद घातला नाहीत आणि घरी, माझ्या पाठीमागे, बरोबर तेच शिकवत राहिलात.

उद्या खुबा आहे, परवा गुडघा. संगीता हात दाखवेल, मी नावं सांगेन, आणि अधूनमधून माझाही हात चालवून बघेन. पण त्या क्षणी मी तुमच्या चादरीवर पालथी होते, श्वास आत धरून, आणि तिची बोटं कमरेच्या वर काहीतरी शोधत होती. ठकूबाई, मनापासून सांगते, आयुष्यात पहिल्यांदा मला वाटत होतं की माझं उत्तर चुकावं.